सॅन गॅब्रिएलचा डोंगर जुन्या नकाशांतून: पत्रकं शोधणं, जुळवणं आणि तपासणं

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल डोंगररांगेत माउंट डिसअपॉइंटमेंट नावाचं शिखर आहे. १८७५ साली लेफ्टनंट जॉर्ज व्हीलर यांच्या सर्वेक्षणातली माणसं हेच सगळ्यात उंच टोक समजून त्रिकोणनासाठी (शिखरांमधले कोन मोजून जागा पक्क्या करण्यासाठी) तिथे चढली. वर पोचल्यावर दिसलं की शेजारचं सॅन गॅब्रिएल पीक (६,१६१ फूट) त्याहून उंच आहे. हिरमोड झाला तो नकाशावर कायमचा बसला. गोष्ट इथे संपत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने नाइकी क्षेपणास्त्रांच्या रडारसाठी याच शिखराचा माथा कापून सपाट केला. म्हणजे १९०० च्या नकाशात जो डोंगर आहे तो त्या आकारात आज उभाच नाही, आणि आजच्या नकाशात जो आहे तो व्हीलरच्या माणसांनी पाहिलेला नाही.

जुने टोपो नकाशे (जमिनीचा उंचसखलपणा रेषांनी दाखवणारे) वापरताना हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. नकाशावर एक वर्ष छापलेलं असतं, पण कागदावरची प्रत्येक रेघ त्याच वर्षाची नसते. कुठली रेघ कधीची, कोणी पाहिलेली आणि कोणी अंदाजाने ओढलेली, हे वेगळं काढणं म्हणजेच हे काम. बाकी सॉफ्टवेअरची बटणं दोन संध्याकाळींत येतात.

हा लेख एंजेलिस नॅशनल फॉरेस्ट धरून लिहिला आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारी बरीच मराठी मंडळी शनिवार-रविवारी या डोंगरात असतात हे एक कारण. दुसरं असं की इथे रेल्वे आली आणि गेली, रस्ते वाहून गेले, दऱ्या धरणाखाली गेल्या, त्यामुळे शिकायला इतका चांगला डोंगर सापडणं कठीण. लागणारं सगळं साहित्य फुकट आहे आणि पुण्यात बसूनही करता येतं.

आधी हद्द आणि काळ

नॅशनल फॉरेस्ट म्हणजे नॅशनल पार्क नव्हे. ही वनं अमेरिकेच्या कृषी खात्याखालच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतात. तिथे लाकूडतोड, चराई, खाणी, धरणं, खासगी मालकीचे तुकडे असं सगळं नांदतं. त्यामुळे नकाशात माणसाच्या खुणा भरपूर सापडतात.

हद्दीचा इतिहास मात्र नीट लावून घ्या, नाहीतर संग्रहात शोधताना चुकीच्या नावाखाली हात घालाल. २० डिसेंबर १८९२ ला राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सॅन गॅब्रिएल टिंबरलँड रिझर्व्ह जाहीर केलं. कॅलिफोर्नियातलं हे पहिलं राखीव वन. फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ ची. 'एंजेलिस' हे नाव १९०८ चं. त्यानंतर १९२५ पर्यंत शेजारचं सॅन बर्नार्डिनोही एंजेलिसमध्येच धरलं जात होतं. म्हणून १९१५ च्या कागदात 'एंजेलिस' दिसलं तर तो आजचाच भाग असेल असं धरू नका. रांगेचं नावही बदललं आहे: जुन्या लिखाणात आणि नकाशांत ती 'सिएरा माद्रे' असते, सॅन गॅब्रिएल हे नाव अधिकृतपणे १९२७ मध्ये पक्कं झालं.

मग आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. 'जुने नकाशे बघायचे आहेत' याने काही होत नाही. 'सॅन गॅब्रिएल नदीच्या ईस्ट फोर्कमध्ये १९०० ते १९६० दरम्यान वाट कुठून कुठे सरकली' हा प्रश्न झाला. कुठली पत्रकं (नकाशाचे सुटे कागद) लागतील, कुठली नाहीत, किती अचूकता पुरेल, हे सगळं त्यातून ठरतं.

पत्रकं मिळवणं

यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं, १८७९ मध्ये स्थापन झालं आणि १८८४ पासून त्याने देशभराचे टोपो नकाशे करायला घेतले. १८८४ ते २००६ दरम्यान छापलेली ही सगळी पत्रकं स्कॅन होऊन 'टोपोव्ह्यू' या त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. नकाशावर टिचकी मारा, त्या जागेची सगळी पत्रकं कालक्रमाने समोर येतात. उतरवताना जिओटिफ (जागेची माहिती आत असलेली चित्र-फाईल) घ्या. जेपेग फक्त डोळ्यांनी बघायला. केएमझेड गूगल अर्थवर झटपट टाकून बघायला ठीक.

या डोंगरासाठी चार थर महत्त्वाचे आहेत.

सगळ्यात जुनी उपयोगी पत्रकं १५ मिनिटांची (इथे मिनिट म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या अंशाचा साठावा भाग), १:६२,५०० प्रमाणाची. पासाडेना (१९००), त्याच्या उत्तरेला तुजुंगा (१९००), पूर्वेकडे रॉक क्रीक (१९०३) आणि सॅन अँटोनिओ (१९०३), दक्षिणेला पोमोना. एक इंच म्हणजे जवळजवळ एक मैल, कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६२.५ मीटर. एका पत्रकात साधारण २३ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच इतका मुलूख मावतो.

दुसरा थर पुष्कळांना माहीतच नसतो. १९२० आणि ३० च्या दशकांत लॉस एंजेलिस काउंटीच्या सहकार्याने ६ मिनिटांची, १:२४,००० ची पत्रकं झाली: अल्टाडेना, सिएरा माद्रे, माउंट लो वगैरे. ती बारकाव्याने भरलेली आहेत. त्यांच्या चौकटी ना आधीच्या मालिकेशी जुळतात ना नंतरच्या, म्हणून चौकटीच्या नावाने शोधणाऱ्याच्या हातून ती निसटतात. जागेवर टिचकी मारून शोधलं की सापडतात.

तिसरा थर ७.५ मिनिटांचा, १:२४,००० चा. माउंट विल्सन, क्रिस्टल लेक, माउंट सॅन अँटोनिओ अशी पत्रकं १९५० च्या दशकापासूनची, हवाई छायाचित्रांवरून केलेली. चौथा म्हणजे २००९ पासूनचे 'यूएस टोपो'. ते संगणकातल्या माहितीसाठ्यातून आपोआप तयार होतात. चालायला निघालेल्या माणसासाठी मला ते थोडे कोरडे वाटतात, पण तुलनेसाठी आजचा पाया म्हणून हवेतच.

एकाच पत्रकाच्या सगळ्या आवृत्त्या आणि पुनर्मुद्रणं उतरवून ठेवा. जुनी ताम्रपटावर कोरलेली प्लेट वर्षानुवर्षं पुन्हा छापली जाई. अधूनमधून तिच्यात एखादा रस्ता, एखादी वनहद्द घातली जाई आणि डोंगर मात्र तसाच राही. दोन छपाया शेजारी ठेवल्या की काय नंतर घातलं ते चटकन दिसतं.

आपली दरी दोन पत्रकांच्या शिवेवर येते का हेही आत्ताच बघा. ईस्ट फोर्क नेमकी रॉक क्रीक आणि सॅन अँटोनिओच्या शिवेलगत आहे. माउंट डिसअपॉइंटमेंट पासाडेना पत्रकाच्या अगदी वरच्या काठाला. शिवेवर दोन वेगळ्या हातांनी काढलेल्या रेषा एकमेकींना भेटतात, आणि नेहमी भेटतातच असं नाही.

समास वाचा, मग डोंगर

नकाशा उघडल्यावर नजर ओळखीच्या शिखराकडे धावते. ती आवरा आणि चौकटीबाहेरचा मजकूर वाचा.

तळाच्या डाव्या कोपऱ्यात सहसा सर्वेक्षण कोणी केलं आणि कोणत्या वर्षी ते असतं. उजवीकडे आवृत्तीचं वर्ष. पुनर्मुद्रणाचं वर्ष वेगळं. सर्वेक्षण आणि आवृत्ती यांत काही वर्षांचं अंतर ही नेहमीची गोष्ट. नंतरच्या पत्रकांवर आणखी दोन तारखा येतात: हवाई छायाचित्रांचं वर्ष आणि 'फोटोरिव्हिजन'चं वर्ष. या दुरुस्त्या जांभळ्या रंगात छापल्या जात, आणि जांभळी रेघ म्हणजे कार्यालयात बसून छायाचित्रावरून काढलेली, जागेवर जाऊन न तपासलेली. हा जांभळा रंग देऊन यूएसजीएसने आपल्यावर उपकारच केले आहेत.

पुढे कंटूरमधलं, म्हणजे समान उंचीच्या रेषांमधलं, उंचीचं अंतर. १९०० च्या सुमाराच्या डोंगरी पत्रकांवर ते १०० फूट असतं, ७.५ मिनिटांच्या पत्रकांवर साधारण ४० फूट. आपल्या पत्रकावर किती ते तळाशी बघून लिहून ठेवा, कारण उंचीबद्दल काय बोलता येईल याची मर्यादा तोच आकडा ठरवतो.

डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजले त्याचा, उल्लेखही समासातच. १९२७ चा नॉर्थ अमेरिकन डेटम (नॅड २७) बहुतेक पत्रकांवर सापडेल. त्याआधीच्या कागदांवर काहीच लिहिलेलं नसतं, आणि त्याचा त्रास पुढे जुळवणीत (नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना) होतो.

शेवटी चुंबकीय उत्तरेचा बाण. या भागात १९०० च्या सुमाराला होकायंत्र खऱ्या उत्तरेच्या १४-१५ अंश पूर्वेला झुकायचं, आज ११-१२ अंश. जुन्या वर्णनात 'अमक्या अंशावर तमका झरा' असं आलं तर आजच्या होकायंत्राने तो शोधण्याआधी हा फरक त्या अंशांत मिळवा.

हे सगळं एका तक्त्यात भरा: पत्रक, प्रमाण, सर्वेक्षण वर्ष, आवृत्ती, छपाई, कंटूर अंतर, डेटम. कंटाळवाणं आहे. याशिवाय पुढे जाऊ नका.

ही माणसं काम कशी करत

रेघांवर किती विश्वास ठेवायचा हे कळण्यासाठी एवढं माहीत हवं. तिपाईवर सपाट फळा, म्हणजे प्लेन टेबल. त्यावर कागद, कागदावर दुर्बीण बसवलेली अ‍ॅलिडेड पट्टी. त्रिकोणनाने आधीच पक्क्या केलेल्या शिखरांकडे दुर्बीण रोखून रेघा मारायच्या, त्या जिथे छेदतील तिथे आपण. उंची कोनावरून काढायची. अशा पक्क्या बिंदूंच्या मधले कंटूर समोर डोंगर बघत हाताने काढायचे.

आता सॅन गॅब्रिएलचा उतार डोळ्यांसमोर आणा. चापराल नावाची काटेरी, ताठ, माणसाच्या डोक्याइतकी उंच झुडपं, कुजका खडक, आणि दरीत उतरलं की आकाशाची फक्त एक पट्टी. सर्व्हेअर धारेवरून चालायचा, दरीत क्वचितच शिरायचा. म्हणून १९०० च्या पत्रकांवर धारा आणि शिखरं बरीच नीट बसतात. दऱ्यांचे आतले वळसे, विशेषतः जिथे वाट नव्हती तिथले, सर्व्हेअरच्या अंदाजाचे असतात. कंटूर एकाच पत्रकात कुठे नागमोडी, दातेरी दिसतात आणि कुठे गुळगुळीत. गुळगुळीत दिसले की समजा, तिथवर कोणी गेलं नव्हतं.

विसाव्या शतकात या डोंगरातली मोजणी किती काटेकोर होऊ शकत होती याचंही उदाहरण इथलंच आहे. भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकलसन यांनी १९२० च्या दशकात माउंट विल्सन आणि माउंट सॅन अँटोनिओजवळचा लुकआउट माउंटन यांच्यामध्ये प्रकाश पाठवून त्याचा वेग मोजला. त्यासाठी दोन टोकांमधलं सुमारे ३५ किलोमीटरचं अंतर कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हेने मोजून दिलं, आणि त्या काळातल्या सर्वांत अचूक मोजण्यांत ते गणलं जातं. त्रिकोणनाचे बिंदू इतके पक्के, आणि शेजारच्या दरीतला ओढा अंदाजाने ओढलेला: दोन्ही एकाच डोंगरात.

जुळवणी

टोपोव्ह्यूची जिओटिफ आधीच जागेवर बसवलेली असते. झटपट बघायला तेवढं पुरे. मोजमाप करायचं असेल तर ती जुळवणी स्वतः तपासा, गरज पडली तर पुन्हा करा. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

लेयर मेनूतून जिओरेफरन्सर उघडा, नकाशा आत घ्या. १५ मिनिटांच्या पत्रकावर अक्षांश-रेखांश दर ५ मिनिटांनी दाखवलेले असतात, म्हणजे कडा धरून ४ गुणिले ४, एकूण १६ छेदबिंदू. सगळे घ्या. चारच कोपरे घेतले तर मधल्या कागदाचं आकसणं कळत नाही, आणि शंभर वर्षांचा कागद एका दिशेने जास्त, दुसऱ्या दिशेने कमी आकसलेला असतो. प्रत्येक बिंदूवर पुरतं मोठं करून रेघांच्या नेमक्या छेदावर टिचकी, मग अंश-मिनिटं टाईप. रेखांश पश्चिमेचा आहे, वजा चिन्ह विसरू नका.

संदर्भप्रणाली म्हणून नॅड २७ द्या. तिचा ईपीएसजी क्रमांक ४२६७. रूपांतर पहिल्या पायरीचं पॉलिनॉमियल (सगळा कागद एकसारखा सरकवणारं, फिरवणारं, ताणणारं). थिन प्लेट स्प्लाइनचा मोह टाळा. तो प्रत्येक बिंदू ओढून ताणून जागेवर बसवतो, उरलेली चूक शून्य दाखवतो आणि नेमकी जी चूक आपल्याला बघायची असते ती गिळून टाकतो.

प्रत्येक बिंदूची उरलेली चूक तपासा. कागदावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत, म्हणजे जमिनीवर साधारण ३० मीटरच्या आत असेल तर उत्तम. एखादाच बिंदू बाहेर असेल तर टिचकी चुकली असणार. बिंदूंची फाईल जपून ठेवा.

आता आजच्या प्रणालीत आणताना क्यूजीआयएस विचारतं, नॅड २७ वरून कोणत्या मार्गाने यायचं. नॅडकॉनची (दोन डेटममधल्या फरकांची) ग्रिड फाईल उतरवायला सुचवलं तर 'हो' म्हणा. दक्षिण कॅलिफोर्नियात नॅड २७ आणि आजच्या डेटममधला फरक ८० मीटरच्या आसपास आहे, मुख्यतः पूर्व-पश्चिम. हे रूपांतर न करता रेघा एकमेकींवर टाकल्या की नदी अख्खी एका काठावर सरकलेली दिसते, आणि लोक पुरावर लेख लिहायला बसतात.

चूक कोणाची ते ओळखणं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे वेळ घालवा.

जुळवलेल्या जुन्या नकाशावर आठ-दहा ओळखीची ठिकाणं निवडा. शिखरं आणि दोन दऱ्यांचे संगम घ्या. रस्ते, इमारती नकोत, त्या सरकतात. पासाडेना पत्रकावर माउंट विल्सन, माउंट लो, सॅन गॅब्रिएल पीक हे चांगले. आजच्या नकाशावरची त्यांची जागा आणि जुन्या नकाशावरची जागा यांत बाण काढा.

सगळे बाण एकाच दिशेला, जवळपास एकाच लांबीचे असतील तर दोष डेटमचा. १९२७ पूर्वीच्या पत्रकांवर हे नेहमी दिसतं, कारण त्यांचे अक्षांश-रेखांश वेगळ्या पायावर बेतलेले होते आणि आपण त्यांना नॅड २७ समजून बसवलं. अशा वेळी सगळा थर बाणांच्या सरासरीइतका सरकवा, आणि किती सरकवला ते तक्त्यात लिहा.

बाण एका कोपऱ्याकडे लांब होत जात असतील तर कागद आकसलेला किंवा स्कॅन तिरका. जुळवणीकडे परत जा.

शिखरांचे बाण लहान आणि दरीतल्या संगमांचे मोठे, वाटेल त्या दिशेला? ही सर्व्हेअरची हातरेघ. ती दुरुस्त करू नका. ती माहिती आहे: इथपर्यंत माणूस पोचला नव्हता हे सांगणारी. ताणून सरळ केलीत तर तेवढा पुरावा पुसलात.

आणि एकच बाण विचित्र असेल तर नाव तपासा. जुन्या नकाशातलं नाव कधीकधी शेजारच्या शिखरावर गेलेलं असतं. या रांगेत दोन शिखरं तीन फुटांच्या फरकाने शेजारी उभी आहेत (स्ट्रॉबेरी पीक ६,१६४, सॅन गॅब्रिएल पीक ६,१६१), तेव्हा नुसत्या उंचीवरूनही ओळख पटवू नका.

अचूकतेचा एक सरकारी मापदंडही लक्षात असू द्या. १९४७ च्या नियमानुसार अशा नकाशांवरच्या तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू कागदावर एक पन्नासांश इंचाच्या आत हवेत. १:२४,००० वर ते ४० फूट, १:६२,५०० वर सुमारे १०४ फूट. आधीची पत्रकं या नियमात बसवलेली नाहीत, तेव्हा १९०० च्या पत्रकावरून 'वाट २० मीटर सरकली' असं कोणी म्हणालं तर ते सोडून द्यावं.

रेघा उतरवणं

आता हव्या त्या गोष्टी नवीन थरात उतरवा: वाटा, गाडीरस्ते, रेल्वे, इमारती, खाणी, झरे. प्रत्येक रेघेला चार रकाने: कुठल्या पत्रकावरून, सर्वेक्षण वर्ष, छपाई वर्ष, आणि खात्री (पक्की, बरी, शंकास्पद). खात्रीचा रकाना लोक गाळतात, आणि वर्षभराने स्वतःच्याच रेघेकडे बघून डोकं खाजवतात.

पासाडेना पत्रकावर हात बसवायला माउंट लो रेल्वे घ्या. ४ जुलै १८९३ ला ती सुरू झाली. अल्टाडेनाहून रूबिओ दरीत, तिथून दोरखंडाने ओढलेला तिरका रूळ एको माउंटनवर, काही ठिकाणी ६२ टक्के चढ. नकाशावर हा तुकडा ओळखायला नाव वाचावं लागत नाही: साधी रेल्वे कंटूरच्या कडेकडेने वळसे घेत जाते, ही कंटूर काटकोनात कापत सरळ वर निघते. त्याच्या वरचा, १८९५ मध्ये अल्पाइन टॅव्हर्नपर्यंत गेलेला भाग मात्र वळणावळणाचा. एको माउंटनवरचं हॉटेल १९०० मध्ये जळालं, टॅव्हर्न १९३६ मध्ये, आणि मार्च १९३८ च्या पुरानंतर रेल्वे संपलीच. आता १९०० चं पत्रक, ६ मिनिटांचं माउंट लो आणि १९५० च्या दशकातलं पत्रक क्रमाने उघडा आणि तोच मार्ग प्रत्येकावर कोणत्या खुणेने दाखवला आहे ते टिपा. रूळ गेल्यावरही डोंगरात कोरलेला सपाट पट्टा उरतो आणि पुढे वाट म्हणून वापरला जातो. 'रेल्वे गेली' आणि 'मार्ग गेला' या दोन नोंदी वेगळ्या.

ईस्ट फोर्कमधला 'ब्रिज टू नोव्हेअर' हे दुसरं. दरीतून वर जाणाऱ्या नियोजित रस्त्यासाठी १९३६ मध्ये कमानीचा काँक्रीट पूल बांधला. त्याच मार्च १९३८ च्या पुराने रस्ता धुऊन नेला, पूल राहिला. म्हणजे हा रस्ता दोन पूर्ण सर्वेक्षणांच्या मधे जगून गेलेला आहे. सॅन फ्रान्सिस्किटो दरीतलं सेंट फ्रान्सिस धरणही तसंच: १९२६ मध्ये पुरं झालं, मार्च १९२८ मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. नकाशात दिसलं नाही म्हणून ते नव्हतं असं कधीच लिहू नये. 'या पत्रकावर दाखवलेलं नाही' इतकंच लिहावं.

उलटही होतं. सॅन गॅब्रिएल धरण (१९३९) बांधल्यावर पाण्याखाली गेलेला नदीचा तळ आज जुन्या पोमोना पत्रकावर वाचता येतो. तिथे आजच्या जमिनीशी ताडून बघायची सोयच नाही, म्हणून खात्रीच्या रकान्यात प्रामाणिक राहा.

हिरव्या रंगाबद्दल एक सूचना. ७.५ मिनिटांच्या पत्रकांवर झाडोरा हिरव्याने भरलेला असतो, १९०० च्या पत्रकांवर साधारणपणे नसतो. 'तेव्हा जंगल नव्हतं, आता आहे' असा निष्कर्ष यावरून काढलेला मी वाचला आहे. तेव्हा हिरवी शाई नव्हती, एवढंच त्यावरून कळतं.

उंचीच्या बाबतीत हात आखडता

जुने कंटूर उतरवून त्यांचा उंची-आराखडा करायचा, आजच्या लायडारमधून (विमानातून लेझर टाकून केलेल्या उंचीच्या मोजणीतून) तो वजा करायचा, आणि किती माती वाहिली ते सांगायचं, ही कल्पना प्रत्येकाला एकदा सुचते. १०० फुटी कंटूरवरून हे करू नका. चांगल्या नकाशातही उंचीची चूक कंटूर अंतराच्या निम्म्याइतकी चालते, म्हणजे इथे ५० फूट, तेही सर्व्हेअर तिथे गेला असेल तर. माउंट डिसअपॉइंटमेंटचा कापलेला माथाही अशा वजाबाकीत हमखास दिसेलच असं नाही. त्यासाठी ६ मिनिटांचं माउंट लो पत्रक आणि नंतरचं माउंट विल्सन पत्रक यांतल्या माथ्याजवळच्या कंटूरचा आकार बघा: वर टोक आहे की पठार. आकाराबद्दल बोलता येतं, घनमीटरबद्दल नाही.

इतर साक्षीदार

नकाशा एकटा कधीच पुरत नाही. १८९७ च्या कायद्याने राखीव वनांच्या सर्वेक्षणाचं काम यूएसजीएसकडे आलं, आणि जॉन लाइबर्ग यांनी सॅन गॅब्रिएलची पाहणी करून लिहिलेला अहवाल खात्याच्या वार्षिक अहवालांत आहे. टोपो पत्रक सांगत नाही ते, म्हणजे कुठे झाडं, कुठे झुडूप, कुठे जळालेलं, त्यात सापडतं.

त्यानंतर फॉरेस्ट सर्व्हिसचे अल्बर्ट विसलँडर यांचं काम. १९२८ पासून, मुख्यतः १९३० च्या दशकात, त्यांच्या माणसांनी धारांवर उभं राहून समोरच्या उतारांवरची वनस्पती थेट यूएसजीएसच्या छापील पत्रकांवर रंगवली, छायाचित्रं काढली, ठिकठिकाणी झाडं मोजली. हे बर्कलीच्या विद्यापीठाने खुलं केलं आहे. ते त्याच पत्रकांवर काढलेलं असल्यामुळे पत्रकाची चूक त्यातही उतरली आहे. तुमची बाणांची तपासणी इथे पुन्हा कामी येते.

१९२८ ची लॉस एंजेलिस काउंटीची हवाई छायाचित्रं सांता बार्बराच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहेत. सर्व्हेअरच्या अंदाजाची परीक्षा घ्यायची तर यांच्याइतकं काही नाही. जनरल लँड ऑफिसचे एकोणिसाव्या शतकातले टाउनशिप नकाशेही ऑनलाईन मिळतात, पण सावधपणे घ्या: १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात जॉन बेन्सन याच्या टोळीने जमिनीवर न जाता कागदोपत्री सर्वेक्षणं करून सरकारकडून पैसे उकळले होते. डोंगरात सेक्शनचा (या मोजणीतल्या चौकोनाचा) कोपरा सापडला नाही तर तो हरवलाच असेल असं नाही, तो कधी रोवलाच नसेल.

आणि लायडार. यूएसजीएसच्या थ्रीडेप कार्यक्रमाचा एक मीटरचा उंची-आराखडा घ्या, त्यावरून हिलशेड (उतारांवरच्या सावल्यांचं चित्र) करा, प्रकाश वायव्येऐवजी वेगवेगळ्या दिशांनी टाकून बघा. झुडपांखाली लपलेला जुना रूळमार्ग किंवा गाडीरस्ता उतारावर बारीक पायरीसारखा उठून दिसतो. जुन्या नकाशाची रेघ त्यावर टाकली की कळतं, रेघ साठ मीटर वर होती पण वळणं अगदी तीच.

जागेवर जाताना

जुन्या नकाशावरची वाट म्हणजे आजची वाट नव्हे. २००९ च्या स्टेशन आगीत या वनाचा सुमारे १,६०,००० एकर भाग होरपळला, २०२० मध्ये बॉबकॅट, २०२४ मध्ये ब्रिज आग. आगीमागून पावसात दऱ्या दगडमातीने भरतात आणि भाग महिनोन्‌महिने बंद ठेवला जातो, म्हणून निघण्याआधी फॉरेस्ट सर्व्हिसचे बंदीहुकूम वाचा. बऱ्याच ठिकाणी गाडी उभी करायला अ‍ॅडव्हेंचर पास लागतो. ब्रिज टू नोव्हेअरला जाताना नदी अनेकदा पायांनी ओलांडावी लागते, आणि पुलाची जागा खासगी मालकीची आहे. पॉइझन ओक (अंगाला लागलं की पुरळ आणणारं झुडूप) ओळखायला शिका. खाणींच्या तोंडात शिरू नका. रुळाचा खिळा, जुनी बाटली, काहीही उचलू नका. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याचं संरक्षण आहे.

फोनमध्ये जुळवलेला नकाशा टाकून न्या. प्रत्येक नोंदीला स्थान, दिशा आणि तारखेसह फोटो. दरीत जीपीएस भरकटतो, म्हणून एका ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबून वाचन घ्या.

सह्याद्रीत हेच करायचं असेल तर

पद्धत तीच, आकडे वेगळे. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी इंच-मैल पत्रकं १:६३,३६० ची, आणि त्यांचा पाया एव्हरेस्ट स्फेरॉइडचा (पृथ्वीच्या आकाराचं वेगळं गणिती रूप). तिथे नॅड २७ दिलंत तर किल्ला शेजारच्या डोंगरावर जाईल. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात केलेली भारताची १:२,५०,००० ची पत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने फुकट ठेवली आहेत. सराव करायला ती सोयीची, मात्र त्या प्रमाणात गडाची वाट शोधू नका. आठ-दहा शिखरांचे बाण काढायचं काम तिथेही आधी करावं लागेल.

यूएसजीएसचे नकाशे सार्वजनिक मालकीचे आहेत, त्यामुळे काम खुशाल प्रसिद्ध करा. सोबत बिंदूंची फाईल, समासाचा तक्ता आणि थर किती सरकवला ती नोंदही द्या, म्हणजे दुसऱ्याला तुमची रेघ तपासता येईल.